दगडाला भेग का पडते?

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, रंग आणि फरशी या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. परंतु कोणत्याही जुन्या देवळाच्या भिंतीवरचा चुन्याचा थर खरवडला म्हणजे सर्वांत आधी नजरेस पडतात त्या भेगा. मग गावात दोन मते होतात. एक म्हणते, "इतकी वर्षे उभे आहे, देव सांभाळून घेईल." दुसरे म्हणते, "सिमेंट भरा आणि वरून रंग द्या, म्हणजे काम संपले." दोन्ही मते मांडणारे लोक श्रद्धाळू असतात व दोघांचाही हेतू चांगला असतो. तथापि भेग किती लांब आहे, किती रुंद आहे, वाढते आहे की थांबली आहे, हे दोघांपैकी कोणीही विचारलेले नसते. हा तिसरा प्रश्न विचारणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. पुण्याच्या परिसराने त्याचे धडे फार मोठी किंमत मोजून घेतलेले आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पहिली गोष्ट अशी की, जगातील प्रत्येक घन पदार्थ वाकतो. कावडीचा बांबू वाकतो हे डोळ्यांना दिसते. बैलगाडीचे जू वाकते हे जाणत्या शेतकऱ्याला कळते. पण देवळाच्या दारावरची दगडी शिळासुद्धा वाकते, हे एकदम पटत नाही. ती वाकते इतकी थोडी की डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली नियम सांगितला की, जेवढा भार तेवढा ताण, म्हणजे भार दुप्पट केला तर लांबणेही दुप्पट होते. एक मीटर लांब व एक चौरस सेंटिमीटर जाडीची पोलादी सळई घेऊन तिला एक टन वजन टांगले, तर ती सुमारे अर्धा मिलिमीटर लांबते. वजन काढले की पुन्हा पूर्ववत होते. मात्र या नियमाला मर्यादा आहे. ती ओलांडली की पोलाद कायमचे लांबते व मग तुटते. दगड, काच आणि काँक्रीट यांची गोष्ट याहून वाईट आहे. हे पदार्थ लांबून इशारा देत नाहीत, एकदम तडकतात.

दुसरी गोष्ट दाब आणि ताण यांतील फरकाची. दगडावर वरून कितीही वजन ठेवा, तो सहन करतो. पण तोच दगड दोन्ही बाजूंनी ओढला तर फार लवकर हार खातो. काँक्रीटचे तर ढोबळ प्रमाणच आहे की, दाब सोसण्याची ताकद दहा असेल तर ताण सोसण्याची सुमारे एक. आता दारावरची आडवी शिळा पाहा. तिच्यावर वजन आले की ती किंचित वाकते, तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ओढली जाते. म्हणून शिळेची भेग बहुधा खालून व मध्यभागी सुरू होते. काँक्रीटच्या तुळईत लोखंडी सळया खालच्या बाजूस घालतात त्याचेही कारण हेच. दाब काँक्रीटने घ्यावा आणि ताण पोलादाने घ्यावा, अशी ती वाटणी आहे.

आपल्या जुन्या कारागिरांजवळ हूकचा नियम नव्हता, परंतु दगडाचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. यादवकालीन, ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो, त्या देवळांत खांब जवळजवळ असतात. एवढे खांब कशासाठी, असे आजच्या माणसाला वाटते. उत्तर सरळ आहे. दगडी तुळई लांब पल्ल्याची केली तर ती खालून ताणली जाऊन तडकते, म्हणून पल्ला आखूड ठेवला. छत करताना दगडाचा एक थर आधीच्या थरापुढे थोडा थोडा आत सरकवत नेला, म्हणजे मोठी आडवी शिळा लागतच नाही. कमानीत तर प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबूनच उभा असतो. ताण मुळात येऊच द्यायचा नाही, हे त्यांचे शहाणपण होते. जीर्णोद्धार करताना मंडप मोकळा दिसावा म्हणून मधला एखादा खांब काढण्याचा विचार पुढे आला, तर हे शहाणपण आठवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दगडाला भेग का पडते, आणि पडलेली भेग का वाढते? याचे उत्तर पाथरवटाच्या हातात आहे. मोठा धोंडा फोडायचा असला तर तो घण घेऊन सगळीकडे मारीत सुटत नाही. आधी एका ओळीत छिन्नीने लहान लहान खाचा पाडतो, त्यांत लोखंडी पाचरी बसवतो, आणि एकेका पाचरीवर ठोके देत जातो. थोड्या वेळाने धोंडा त्याच ओळीत दुभंगतो. कापडाच्या दुकानातही हेच चालते. नवे कापड हातांनी फाटत नाही, पण दुकानदाराने कात्रीने काठाला जरासा छेद दिला की टर्रकन सरळ फाटत जाते. याचा अर्थ असा की, छेदाच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो.

इंग्लंडमधील सी. ई. इंग्लिस या गणितज्ञ अभियंत्याने १९१३ साली हे आकड्यांनी दाखवले की, पत्र्यातील भोक जितके लांबट व त्याचे टोक जितके अणकुचीदार, तितका टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. पुढे १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या शास्त्रज्ञाने काचेवर प्रयोग करून भेगेचा हिशेब मांडला. त्याचे सार असे आहे की, भेग चौपट लांब झाली तर वस्तूची ताकद निम्मी होते. म्हणजे लहान भेग ही वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहील, पण वाढत वाढत एका ठरावीक लांबीला पोहोचली की तिला बाहेरून जास्त जोराची गरज लागत नाही. नेहमीचाच भार तिला पुढे ढकलतो. "काल तर काही नव्हते, आज एकाएकी कोसळले," असे लोक म्हणतात. ते एकाएकी नसते. भेग वाढत होती, तिची नोंद कोणी ठेवली नव्हती.

पुण्याच्या जुन्या रहिवाशांना १२ जुलै १९६१ हा दिवस सांगावा लागत नाही. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण त्या वर्षी पुरते झालेले नव्हते, तरी पावसाळ्याचे पाणी त्यात साठले होते. मातीच्या भरावाखालून पाणी सोडण्यासाठी काढलेली मोरी निकामी झाली, तिच्यावरचा भराव खचू लागला. मोरीच्या कामात लोखंडी सळयांचे काँक्रीट न वापरता साधे काँक्रीट वापरले गेले होते, हे या अपघाताचे एक मुख्य कारण मानले जाते. साधे काँक्रीट ताण सोसत नाही, हे वर सांगितलेच आहे. लष्कराच्या जवानांनी रात्रभर खपून वाळूच्या पोत्यांनी धरण तोलून धरले आणि काही तास मिळवून दिले. सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या दगडी धरणावर आले. हे धरण एकोणिसाव्या शतकातील, चुन्यात बांधलेले, ऐंशी वर्षे पुण्याला पाणी पाजणारे. एवढ्या लोंढ्याचा भार त्याच्या हिशेबात कधी धरलेलाच नव्हता. दुपारी तेही फुटले आणि मुठेचे पाणी शनिवार, नारायण, कसबा या पेठांतून घराघरांत शिरले. माणसे गेली, संसार गेले, वाडे मातीच्या ढिगासारखे बसले. मातीच्या विटांचे ते वाडे पाण्याने पडले हे खरे, पण जे बांधकाम आधी निकामी झाले ते भरावाच्या पोटात होते, कोणाच्या डोळ्यांना न दिसणारे होते.

खडकवासल्याच्या धरणाच्या पायथ्याशीच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र ही संस्था आहे. तिचा आरंभ १९१६ सालचा. सर क्लॉड इंग्लिस यांनी तिचे नाव मोठे केले. भेगेचे गणित मांडणारे इंग्लिस वेगळे आणि हे वेगळे, आडनावाच्या साम्याने गल्लत होऊ नये. येथे नद्या, बंदरे आणि धरणे यांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याची वागणूक तपासतात. पुढे काँक्रीट, खडक, धरणांची कंपने आणि भूकंप यांचाही अभ्यास या संस्थेत सुरू झाला. मोठी वस्तू बांधण्याआधी तिची लहान प्रतिकृती करावी व तिला मुद्दाम त्रास देऊन पाहावा, ही या शास्त्राची पद्धतच आहे. पारदर्शक पदार्थाची प्रतिकृती करून तिच्यातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला, तर भार पडताच तिच्यात रंगीत पट्टे उमटतात. पट्टे जेथे दाटीने येतात तेथे ताण जास्त, हे डोळ्यांनी दिसते. प्रत्यक्ष बांधकामावर बारीक तारेची पट्टी चिकटवतात. बांधकाम केसभर जरी ताणले गेले तरी तार ताणली जाते, तिचा विजेला होणारा विरोध बदलतो आणि तो यंत्रावर मोजता येतो. ही पट्टी १९३८ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. आज ती जगभर पुलांवर, धरणांवर व विमानांवर लागते.

या शास्त्राची सर्वांत मोठी परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच झाली. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच व सुमारे ८०० मीटर लांब. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपापासून निर्भय, असा त्या काळी समज होता. तरीही आराखडा करणाऱ्यांनी काळजी म्हणून धरणाच्या वजनाच्या शेकडा पाच इतका आडवा धक्का हिशेबात धरला होता. धरणात पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले, तेव्हा भूकंपमापक यंत्रे बसवण्यात आली. धरणाच्या आतल्या बोगद्यातही धक्का मोजणारे यंत्र होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर मोठा भूकंप झाला. कोयनानगरची घरे कोसळली, सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, धक्का पुण्यामुंबईपर्यंत जाणवला. धरणातील यंत्राने जी नोंद केली तिच्यात नदीच्या दिशेचा धक्का शेकडा पाच नव्हे, तर शेकडा एकोणपन्नास निघाला. धरणाच्या लांबीच्या दिशेने तर तो शेकडा त्रेसष्ट होता.

धरण फुटले नाही. मात्र त्याला आडव्या भेगा पडल्या आणि काही ठिकाणी पाणी झिरपले. भेगा कोठे पडल्या हे लक्षात घेण्यासारखे आहे. धरण खाली रुंद आणि वर अरुंद असते. कोयनेच्या धरणाचा खालच्या अंगाचा उतार तळापासून सुमारे साडेसहासष्ट मीटर उंचीवर एकदम बदलतो, जणू तेथे धरणाची मान आहे. भेगा मुख्यतः त्या मानेच्या पातळीवर सापडल्या. जमीन हलली की धरणाचा माथा बांबूच्या शेंड्याप्रमाणे जास्त हेलकावतो आणि तो हेलकावा जेथे आकार एकदम बदलतो तेथे ताण गोळा करतो. जुन्या हिशेबात धरण हेलकावते हेच धरलेले नव्हते. सगळ्या उंचीला सारखा धक्का, असा तो हिशेब होता.

पुढे अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती या अभियंत्यांनी १९७३ साली अमेरिकेतून या नुकसानीचा संगणकावर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची पद्धत महसुली माणसाला सहज समजेल अशी आहे. सबंध तालुक्याची आकारणी एकदम करता येत नाही. तालुक्याची गावे करतात, गावाचे गट नंबर करतात, प्रत्येक गटाची आकारणी ठरवतात व मग बेरीज करतात. त्याचप्रमाणे सबंध धरणाचे कागदावर लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला किती ढकलतो व किती ओढतो हे क्षणाक्षणाला मांडतात आणि संगणक ती प्रचंड बेरीज करतो. यंत्राने नोंदलेला खरा धक्का या कागदी धरणाला दिला, तेव्हा काँक्रीटच्या ताकदीपलीकडचा ताण नेमका मानेजवळ आला. गणिताने दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष भेगेची जागा एकच निघाली. तेव्हापासून काँक्रीट कसे फुटते याचे नवे गणित कोणीही, कोणत्याही देशात मांडले, की ते बहुधा कोयनेवर पडताळून पाहतात. ज्या धरणाने भेगा सोसल्या त्याने जगाला मोजमाप दिले.

धरणाची दुरुस्ती कशी केली, हेही बोधप्रद आहे. भेगांत चिकट रसायन दाबाने भरले. माथ्यापासून खाली पोलादी तारांचे दोर घालून ताणून बसवले, म्हणजे धरण कायम दाबात राहील आणि भेग उघडणार नाही. नंतर खालच्या अंगास काँक्रीटचे भक्कम टेकू बांधले. सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण तर विसाव्या शतकानंतर झाले. भेग बुजवली आणि विषय संपला, असे कोणी केले नाही. कारण शोधले, कारणावर इलाज केला, आणि मोजणे चालू ठेवले.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांतच गाडली गेली. तेथील भिंती जाड होत्या, दगडी होत्या, वरून मातीचे जड धाबे होते. पण भिंतीचे दोन दर्शनी थर वेगळे आणि मध्ये माती-कपच्या अशी बांधणी होती. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड पुष्कळ घरांत नव्हते. धक्क्यासरशी दोन्ही थर अलग झाले. भिंत जाड आहे म्हणून मजबूत आहे, हा समज तेथे जिवावर बेतला. देवळाची भिंत दुरुस्त करताना ठरावीक अंतराने आरपार दगड आहेत की नाहीत, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आता देवळाच्या कामी या ज्ञानाचा उपयोग कसा करावा? त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी. पुढच्या महिन्यात भेग रेघ ओलांडून गेली असेल तर ती जिवंत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून बसवावी. भेग हलली तर काच तडकते. काच अभंग राहिली तर भेग जुनी, शांत आहे. हे निदान वर्षभर, सर्व ऋतूंत करावे. पाया काळ्या मातीत असेल तर ती माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि भेगही तिच्याबरोबर उघडते-मिटते. अशा भेगेत उन्हाळ्यात सिमेंट ठासून भरले तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही, आणि शेजारी नवी भेग पडते. भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीच्या टोकाकडचा पाया खचत असल्याची शंका घ्यावी. भेगेतून पिंपळाचे रोप डोकावत असेल तर ते मुळासकट काढावे, कारण मूळ हीसुद्धा पाचरच आहे, फक्त सावकाश ठोकली जाणारी.

जुन्या चुन्याच्या भिंतीत शक्यतो चुनाच वापरावा. चुना मऊ आहे, थोडे हलणे पोटात घालतो. सिमेंट कडक आहे, ते हलू देत नाही आणि मग शेजारचा दगड तडकतो. जुन्या भिंतींवर नवे काँक्रीटचे शिखर चढवण्याआधी त्याचे वजन किती, ते कोणत्या खांबावर उतरणार, आणि त्या खांबाखाली काय आहे, हे अभियंत्याकडून लिहून घ्यावे. नव्या सभामंडपाचे काँक्रीट ओतताना त्यातलेच थोडे काढून पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे करावेत, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवावेत व प्रयोगशाळेत दाबून फोडून पाहावेत. पुण्यास १८५४ साली सुरू झालेले व आता तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत ही यंत्रे असतात. ठोकळा फुटला तरी हरकत नाही. तो फुटण्यासाठीच केलेला असतो, म्हणजे मंडप फुटणार नाही.

या सगळ्याला पैसा फार लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि एक वही लागते. देवस्थानच्या जमाखर्चाची वही जशी दरवर्षी तपासली जाते, तशीच भेगांची वही असावी. कोणत्या भिंतीवर, किती लांब, किती रुंद, कोणत्या तारखेस, आणि पाहणाऱ्याची सही. यात्रेच्या दिवशी ज्या छताखाली शेकडो माणसे लेकराबाळांसह उभी राहतात, त्या छताबद्दल निदान एवढी नोंद गावाजवळ असावी. देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर लागतात, ते योग्यच आहे. पायातल्या दगडावर कोणाचे नाव लिहीत नाहीत, म्हणून पायासाठी देणगी मागताना जरा जड जाते. पण पानशेतची मोरीही दिसत नव्हती आणि कोयनेची मान दिसत असूनही भूकंपापूर्वी कोणाच्या लक्षात आली नव्हती. जे दिसत नाही त्यासाठी खर्च करणे हीसुद्धा सेवाच आहे.

पूर्वजांनी आपल्याला दगड दिले आणि ते कसे रचावेत याची रीत दिली. पुढच्या पिढीला त्याच देवळाबरोबर त्याच्या भेगांची तारीखवार नोंद मिळाली, तर हा जीर्णोद्धार रंगरंगोटीच्या पलीकडे गेला असे म्हणता येईल. शंभर वर्षांनी या देवळाच्या भिंतीपुढे उभा राहणारा माणूस वही उघडून पाहील आणि म्हणेल, ही भेग आपल्या पणजोबांच्या वेळची आहे, तेव्हापासून वाढलेली नाही, काळजीचे कारण नाही. असे निर्धास्तपणे म्हणता यावे, यासाठीच हे सारे मोजणे आहे.

इत्यलम्.